उकिडवा

सहावी ब. हजेरीत एकोणतिसावा,
सोपान खळदकर, सासवडचा,
शुक्रवार पेठेत मामाकडे राहणारा.
साल चौऱ्याहत्तर. मी तिथं पी.टी.ची बाई:
निळ्या काठाची साडी, पायात कॅनव्हासचे बूट,
गळ्यात शिट्टी.

मैदानाला दोन फेऱ्या, सगळ्यांना.
हा अर्ध्या फेरीतच उकिडवा बसायचा,
गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर,
मातीत काही सांडल्यासारखा.
मी शिट्टी फुंकायचे.
ऊठ. कामचुकार. ऊठ म्हटलं ना.
उठायचा. चार पावलं. परत खाली.

सोमवारी नखं तपासायचे मी.
त्याची बोटं टोकाला फुगीर,
नखं घड्याळाच्या काचेसारखी वर आलेली.
स्वच्छ होती.
मी पुढच्या मुलाकडे गेले.

एकदा विचारलं, जांभळं चोरलीस का रे?
ओठ बघ. जीभ काढ.
त्यानं मुकाट्यानं जीभ काढली.
तास संपेपर्यंत बाकावर उभा केला त्याला.
पौषात कुठली जांभळं,
हे सुचायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

होळीनंतर तो आलाच नाही.
जन्माचाच आजार, मुंबईला न्या,
असं कुणी डॉक्टर मामाला म्हणाले होते म्हणे.
नेलं की नाही, मी विचारलं नाही.
हजेरीत लाल शाईची आडवी रेघ.
फेऱ्या आता वेळेत संपायच्या
आणि खरं सांगते,
मला बरंच वाटलं होतं.

मग केतकीचा विसावा आठवडा.
कर्वे रस्त्यावर एक अंधारी खोली, थंड जेल,
पडद्यावर बोराएवढं काहीतरी
उघडमीट करणारं.
सोनोग्राफीवाला बोलता बोलता गप्प झाला.

डॉक्टर निलोफर बागवान, फार तर चौतिशीच्या,
पाकिटाच्या पाठीवर चित्र काढत होत्या.
हा पडदा, त्याला भोक.
फुप्फुसाकडची वाट अरुंद.
महाधमनी दोन्ही कप्प्यांवर पाय टाकून बसलेली.
जोर लावून लावून ही उजवी भिंत पुढे जाड होईल.
बाळ सहा महिन्यांचं झालं की दुरुस्त करू,
त्याआधीच निळं पडायला लागलं
तर तात्पुरती एक नळी.
सून वहीत लिहून घेत होती.
मुलगा पंख्याकडे बघत होता.

मी विचारलं,
आणि ती उकिडवी बसेल का?

पेन थांबलं.
तुम्हाला कसं माहीत, आजी?
मी दोनच मुलं पाहिलीत तशी बसणारी,
दोन्ही लांबून आलेली, उशिरा.
आता बहुतेकांचं त्याआधीच होऊन जातं.
आमच्या विद्यार्थ्यांना ते चित्रातच दिसतं,
परीक्षेत हमखास विचारतात.

मग त्यांनी समजावून सांगितलं.
गुडघे घट्ट दुमडले
की पायांकडे जाणारं रक्त अडतं,
थोडं जास्त फुप्फुसाकडे वळतं, दम परततो.
कुणी शिकवत नाही.
मुलाचं मुलालाच कळतं.

म्हणजे माझ्या मैदानावर
एक मुलगा स्वतःवर उपचार करत होता,
आणि मी शिट्टी वाजवत होते.

ऑपरेशनला साडेपाच तास लागले.
बाहेर खुर्च्यांवर बीडचं एक जोडपं होतं,
त्यांच्या मुलीचं छिद्र
मांडीतून तार घालून बुजवायचं होतं.
छाती उघडणार नाहीत म्हणे, आई सांगत होती,
परवा घरी,
आणि पुन्हा पुन्हा स्वतःची मांडी चाचपत होती.

शाल्मली आता साडेतीन वर्षांची.
छातीवर उभी एक रेघ,
उन्हात जरा चमकते.
वर्षातून एकदा झडप तपासायची,
पुढे कधीतरी बदलावी लागेल, तेव्हाचं तेव्हा.

काल तळजाईच्या वाटेवर
ती पळता पळता थांबली
आणि उकिडवी बसली.

माझा हात गळ्याकडे गेला.
तिथं काही नव्हतं.

ओठ बघितले. गुलाबी.
नखं बघितली, दोनदा.
आजी, मुंग्या, ती म्हणाली,
पंख घेऊन चालल्यात कुणाचा तरी.
बस ना तू पण.

एका हातानं काठी, दुसऱ्यानं तिचा खांदा,
गुडघे कुरकुरले.
बसले.
छातीशी गुडघे येईनात,
जमलं तेवढे घेतले
आणि श्वास घेत राहिले,
ती उठेपर्यंत.